आयडाहोचा डबा

बाई, काल मी एका वर्गात आयोवा नावाचं राज्य कानाशी धरून हलवलं. ते वाजलं, कारण त्यात मक्याचे दाणे होते. समोर आठ-नऊ वर्षांची पोरं गोल करून बसली होती, मधोमध पुठ्ठ्यावर खडूने काढलेला हत्ती होता, आणि त्या हत्तीचा अमेरिकेशी काय संबंध हे एकालाही कळलेलं नव्हतं. तुम्हाला मात्र दारातूनच कळलं असतं, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बातमी आली तेव्हा मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. पान सोडायची वेळ झाली होती, आणि मी नुसती मान हलवून पुढच्या बातमीचं शीर्षक लिहायला घेतलं होतं. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं.

तर मी आता सिंगापूरला असते. नवऱ्याला इथल्या वन-नॉर्थ भागात नोकरी मिळाली आणि आम्ही सेरंगूनला राहायला आलो. वर्तमानपत्र सुटलं. काही दिवस घरबसल्या भाषांतरं केली, मग बुकित तिमाहच्या एका शाळेत मदतनीस म्हणून लागले. शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, मुलं दुनियाभरची. मदतनीस म्हणजे रंगीत कागद कापायचे, पेन्सिलींना टोकं करायची, रडणाऱ्याला पाणी द्यायचं. त्यात कमीपणा काही नाही, पण कागद कापता कापता माझे कान सगळे फळ्याकडे असायचे. यंदा वर्गाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं. या मूळच्या नेब्रास्काच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "अमेरिकेची राज्यं तुम्ही शिकवा. शेवटच्या दिवशी मी मागे येऊन बसेन. जमलं तर पुढच्या वर्षी वर्ग तुमचा. नाही जमलं तर परत कात्री." बाई, मला तो वर्ग हवा होता. इतकं काही हवंसं वाटून बराच काळ झाला होता.

पहिल्याच दिवशी एका मुलाने हात वर केला. याला सगळं येतं. पन्नास राज्यांच्या राजधान्या तो जेवता जेवता म्हणतो. "टीचर, तुम्ही यातली किती राज्यं पाहिलीत?" वर्ग माझ्याकडे बघायला लागला. आणि मला मिरजेचा, तुम्ही भूगोल शिकवायचात तो आपला वर्ग दिसला. आम्हीही तुम्हाला असंच विचारलं होतं, "बाई, तुम्ही काश्मीर पाहिलंय?" तुम्ही नकाशाची गुंडाळी सोडता सोडता म्हणालात, "नाही पाहिलं. म्हणून तर नीट शिकवते. पाहिलं असतं तर नुसत्या प्रवासाच्या गमती सांगत तास काढला असता." मी तेच इंग्रजीत करून सांगितलं. मुलाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "फेअर इनफ." आपल्याकडे कुणाची असं म्हणायची टाप नव्हती, पण मला वाटतं तुम्हाला ते आवडलं असतं.

मग रोज एक खेळ. चिकटपट्टीने आख्खी अमेरिका वर्गाच्या फरशीवर उतरवली. त्याची रंगीत तालीम आधी आमच्या घरी झाली. मी आणि लेक गुडघ्यांवर बसून हॉलभर पट्ट्या लावतोय, आणि नवरा ऑफिसातून येऊन बॅगेसकट उभा. लेक ओरडली, "बाबा, टेक्सासवरून उतर ना!" तो म्हणाला, "चहा मिळणार असेल तर मी मेक्सिकोतही जातो." ती इथल्या सरकारी शाळेत शिकते, इंग्रजीही इथल्यासारखंच बोलते. तिने ऱ्होड आयलंडवर पाय ठेवला, पुस्तकात क्षेत्रफळ पाहिलं आणि म्हणाली, "स्मॉलेस्ट वन ऑल्सो बिगर दॅन सिंगापूर? वा लाउ, आई, सो अनफेअर लाह." शाळेत मुलांनी मिनेसोटापासून लुइझियानापर्यंत मिसिसिपी नदी लंगडी घालत पार केली. जिथे चार राज्यांचे कोपरे एकत्र येतात तिथे प्रत्येकाने दोन हात आणि दोन पाय चार राज्यांत टेकवून फोटो काढून घेतला. शेजारचं राज्य चुकलं की बसकण. सगळं येणारा मुलगा दर वेळी सगळ्यांच्या आधी उत्तर फेकायचा, आणि बाकीची पोरं तोंडं मिटायची. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "तुला येतं हे मला माहीत आहे. आता जरा दुसऱ्यांना चुकू दे." म्हणता म्हणता माझेच कान तापले, कारण हे वाक्य तुम्ही मला ऐकवलं होतं, आणि हळूच नाही, साऱ्या वर्गासमोर.

शेवटच्या दिवसासाठी मी तुमचा भोंडला ठेवला होता. आठवतंय ना? नवरात्रात मुली अंगणात हत्तीभोवती फेर धरायच्या आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायच्या. तुम्ही तो खेळ उचलून भूगोलाच्या तासाला आणलात, मुलग्यांनाही फेर धरायला लावलंत. ते लाजून लाल. मग डबे. तुम्ही एकेक डबा कानाशी हलवायचात आणि आम्ही जिल्हा ओळखायचा. धप्प वाजला तर नागपूरचं संत्रं, काहीच वाजलं नाही तर जळगावचं केळं किंवा कोल्हापूरचा गूळ. कुणी झाकण किलकिलं करायला गेलं की तुम्ही म्हणायचात, "हलवून ओळख. उघडल्यावर काय, मांजरालाही कळतं." आणि तुमचा तो नियम, जो मी नंतर कुठल्याच शिक्षकाकडे पाहिला नाही: बक्षीस बरोबर उत्तराला नाही. चुकलेली सगळी उत्तरं फळ्यावर लिहायची, प्रत्येकाने आपण असं का म्हणालो ते सांगायचं, आणि ज्याची चूक सगळ्यात विचार करून केलेली, उरलेल्या खिरापतीसकट डबा त्याचा. त्यामुळे आपल्या वर्गात चुकायला कुणी घाबरायचं नाही. घाबरायचे ते फक्त हुशार.

लिटल इंडियातून मी स्टीलचे डबे आणले. दुकानदाराने आख्खा संचच गळ्यात मारला. फ्लोरिडाचं संत्रं, हवाईचा अननस, व्हरमाँटचा मेपल पाक, विस्कॉन्सिनचं चीज, आयोवाचा मका. राहिलं आयडाहो, म्हणजे बटाटा. कच्चा बटाटा डब्यात गडगडला की लगेच ओळखला जाणार, म्हणून मी सकाळी बटाट्याचा कीस केला. तूप, जिरं, मिरची. कीस परतला, झाकण ठेवून वाफ आणली, बाकीचं सगळं घातलं, वर लिंबू पिळलं. प्रत्येक डब्याला आत काय आहे त्याची चिठ्ठी लावायचा शाळेचा नियम आहे. तीही लावली: बटाटा, तूप, जिरं, मिरची, मीठ, साखर, लिंबू. नवरा आणि मी सकाळी सर्कल लाइनच्या मेट्रोने एकत्र निघतो. बोटॅनिक गार्डन्सला मी गाडी बदलते, तो पुढे जातो. गाडीत तो पिशवीत नाक घालून म्हणाला, "एकच चमचा." मी म्हटलं, "इथे खाल्लंस तर दंड." "मग उतरून प्लॅटफॉर्मवर?" "तिथेही दंड." तो बिचारा वासावर वन-नॉर्थला गेला.

आता वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आपल्याकडे एखाद्याला वांगं चालत नाही तसं नव्हे. चुकून पोटात गेला तर घसा सुजून श्वास अडकतो. कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये ती इंजेक्शन बाळगते आणि कुठलंही झाकण उघडायच्या आधी विचारते, "टीचर, यात नट्स आहेत?" विचारताना तिच्या आवाजात भीती नसते. आपण "पंखा लावू का?" विचारतो तसं विचारते.

काल मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि खेळ रंगला. पोरांनी हत्तीभोवती फेर धरला, जीव खाऊन डबे हलवले. मेपलचा पाक म्हणजे मिसिसिपीचं पाणी असं एकाने शपथेवर सांगितलं. अननसाच्या डब्याला "टेक्सास, कारण जड आहे" असं उत्तर आलं. मी सगळं फळ्यावर लिहीत होते. दर झाकणाआधी ती मुलगी विचारायची, मी म्हणायचे, "नाही," आणि झाकण उघडायचं. मागे पाहिलं तर मुख्याध्यापिका चक्क पुढे वाकून बसल्या होत्या. मनात म्हटलं, वर्ग मिळाला.

शेवटचा डबा आयडाहोचा. कुणालाच ओळखू येईना. मी झाकणावर हात ठेवला. "टीचर, यात नट्स आहेत?" "नाही," मी म्हटलं, आणि बोटं झाकणावरच थांबली. कारण मला सकाळचा माझा उजवा हात दिसला. परतलेल्या किसावर तो हात आपला आपण बरणीकडे गेला होता आणि त्याने मूठभर दाण्याचं कूट घातलं होतं. बाई, चिठ्ठीत मी ते लपवलं नव्हतं. मला ते जिन्नस म्हणून आठवलंच नव्हतं. कूट आपण घालतो का? ते असतंच. किसात, कोशिंबिरीत, भरल्या भाजीत. दाणे आणलेत का म्हणून कुणी विचारलं तर आपण सांगू. कूट घातलंस का, हे मराठी घरात कोण कुणाला विचारतं?

मी झाकण दाबून धरलं आणि म्हटलं, "थांबा. मी चुकले. आहेत. यात शेंगदाणे आहेत." मुख्याध्यापिका उठल्या, डबा माझ्या हातातून घेतला आणि बाहेर गेल्या. मी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. पाणी वाहत होतं आणि मी मनात कात्री शोधत होते. त्याहूनही वाईट म्हणजे, झाकण उघडलं असतं तर काय, हा विचार पुरता करण्याचं धैर्य मला होत नव्हतं. परत आले तर त्या मुलीने विचारलं, "म्हणजे उत्तर यस होतं?" "हो. यस होतं. तू विचारलंस म्हणून मला आठवलं." ती म्हणाली, "मी नेहमीच विचारते," आणि मांडी घालून बसली. मग पोरांचा गलका सुरू झाला. शेवटचा डबा त्यांना हवाच होता. संचातला एक डबा उरला होता, त्यावरचं स्टिकरही निघालं नव्हतं. मी तोच मधे ठेवला. एकाने हलवला. आवाज नाही. दुसरीने हुंगला. वास नाही. "अलास्का," कुणी म्हणालं, "बर्फ होता, इथे वितळला." "मग पाणी कुठे आहे?" "सिंगापूर आहे, वाळलं." सगळं येणारा मुलगा इतका वेळ ओठ दाबून बसला होता. मी मान हलवून त्याला परवानगी दिली. "वायोमिंग!" तो ओरडला. "कारण तिथे कुणी राहतच नाही!" वर्ग लोळून हसला, आणि दारातून अजून एक हसू आलं. मुख्याध्यापिका परत आल्या होत्या.

बक्षीस ठरवायची वेळ आली. फळा चुकांनी भरला होता. ती मुलगीच उभी राहिली आणि म्हणाली, "पण टीचरची चूक फळ्यावर लिहिलीच नाही." मी खडू घेतला आणि सगळ्यात खाली लिहिलं, 'नाही.' "का म्हणालात ते सांगा," सगळं येणारा मुलगा म्हणाला. नियम म्हणजे नियम. मी सांगितलं की आमच्या घरात ही गोष्ट इतकी रोजची आहे की मला ती दिसेनाशी झाली होती. पोरांनी हात वर करून मतदान केलं आणि रिकामा डबा मला मिळाला.

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिकांनी खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "चिठ्ठीत दाणे नव्हते." मी म्हटलं, "आमच्याकडे ते मोजत नाहीत." "इथून पुढे मोजा." "हो." मग त्यांनी विचारलं, "ते काय होतं?" "बटाट्याचा कीस." "आयडाहोत असलं काही मिळत नाही." "माहीत आहे." "मिळायला हवं," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा मला टेबलावरचा डबा दिसला. तळाशी चमचा आणि दोन-चार जिरी, बाकी लख्ख. "यापुढे डब्यात खाणं बंद. नुसत्या वस्तू. नेब्रास्काच्या डब्यात काय घालणार आहात?" मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. "ठरवा. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतो. तुमचा." घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "आई, यू नियरली केना सॅक!" म्हणजे नोकरी जाता जाता राहिली. नवऱ्याला दुःख वेगळंच. "सगळा कीस तिने एकटीने खाल्ला?"

आज शनिवार आहे. दोघं खाली पोहायला गेली आहेत, ओट्यावर कुटाची बरणी आहे, आणि तिच्यावर लेकीने मोठ्या अक्षरांत 'PEANUT' असं लेबल चिकटवलंय. मी हसले, पण काढलं नाही. पत्र लिहून झालं की घडी घालून त्या रिकाम्या डब्यात ठेवणार आहे. ते पाठवायला पत्ता नाही आणि मला त्याची तशी खंतही वाटत नाही. फक्त एक सांगून टाकते. मधे चहासाठी उठले तेव्हा पहिली दोन पानं डब्यात घालून झाकण लावलं, आणि आत काय आहे हे चांगलं माहीत असूनही कानाशी धरून हलवून पाहिलं.