कार्यवाहांना अखेरचा निरोप

इंदिरानगर, नाशिक
मंगळवार, सकाळ

तीर्थस्वरूप भिकनदादा यांना,

तुमच्या बहिणीचा नवरा झुंबर याचा नमस्कार, आणि वहिनींनाही सांगावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? त्या तेलाने उतार पडला नसेल तर स्पष्ट कळवा, इथे गंगापूर रोडला एक डॉक्टर आहेत, ते उतार पडला असं निदान पेशंटकडून वदवून तरी घेतात. संजनावहिनींचं बीपी कसं आहे? कांद्याच्या भावाची चौकशी मी मुद्दाम करत नाही, मागच्या वेळी केली तेव्हा तुम्ही फोनच ठेवून दिला होता. इकडे माझी प्रकृती उत्तम आहे. कागदोपत्री कशी आहे ते पुढे येईलच.

फोन असताना हा माणूस पत्र का लिहीत बसलाय असं तुम्हाला वाटेल. दादा, तुमच्या घरचा फोन माहेरी आलेली प्रतिभा उचलते आणि माझा आवाज ऐकला की ‘रिक्षा नको’ म्हणून ठेवून देते. (मी रिक्षाविषयी एकदाही काही बोललेलो नाही.) तुमच्या मोबाइलवर केला तर तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि मागून तिचा खोकला ऐकू येतो. म्हणून आज तुमचाच पिकअप डाळिंबं घेऊन नाशिकला आलाय, तर ड्रायव्हर रवीच्या हाती हे पत्र देतोय. तुमच्या मार्केटमधल्या गाळ्यावरच द्यायचं, घरी न्यायचं नाही, असं त्याला बजावलं आहे.

प्रतिभा तुमच्याकडे का निघून आली ते तिने सांगितलंच असेल, आणि तिने सांगितलं ते सगळं खरं आहे. शाळेत तिच्या निवृत्तीचा समारंभ होता, मुलींनी रांगोळ्या काढल्या होत्या, हेडबाईंनी दोनदा फोन करून ‘सरांना आणा’ म्हणून सांगितलं होतं, आणि मी गेलो नाही. त्या वेळी मी आमच्याच हॉलमध्ये एकटा बसून सभा तहकूब करत होतो. हे वाक्य बाहेरच्या माणसाला समजत नाही, घरच्याला तर त्याहून नाही. ती शाल-नारळ घेऊन घरी आली तेव्हा हॉलमध्ये परिषदेची मंडळी चहाची वाट बघत बसली होती. तिने चहा केला (हे तिचं मोठेपण), कप विसळले, पिशवी भरली आणि देवळ्याची एसटी धरली. जाताना अट घातली, की कार्यवाहपदाचा राजीनामा द्या, मगच मला न्यायला या. नुसता दिलेला नव्हे, मंजूर झालेला, ठरावासकट. इतकी वर्षं कार्यवाहाची बायको म्हणून काढल्यावर तिला दोन्हींतला फरक पक्का ठाऊक झालाय. ती गेल्यापासून मला घरात अजिबात करमत नाही, दादा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढची हकिकत वाचून मी इथे मजेत आहे असा तुमचा समज व्हायचा.

आमची गोदाखोरे स्थलनाम संशोधन परिषद म्हणजे गावांना नावं कशी पडली याचा अभ्यास करणारी मंडळी. (तुम्ही आम्हाला ‘गावाला नावं ठेवणारे’ म्हणता हे प्रतिभाने मला केव्हाच सांगितलं आहे.) विद्वत्तेत कमी नाही कोणी. देवळा हे नाव देवळावरून आलं की आणखी कशावरून, यावर आमच्या पत्रिकेत दोन निबंध आले आणि तेव्हापासून ते दोघे लेखक एकमेकांकडच्या लग्नालाही जात नाहीत. पण विद्वान माणसाला एकट्याने निर्णय घेणं असभ्य वाटतं, म्हणून समित्या लागतात. कार्यकारी समिती परिषद चालवते. नियामक समिती तिच्यावर लक्ष ठेवते. संपादन समिती पत्रिका काढते आणि शुद्धलेखन समिती ती निघू देत नाही. ग्रंथालय समितीकडे आमच्या हॉलमधलं लोखंडी कपाट आहे, पण किल्ली उपसमिती वेगळी आहे, कारण पुस्तकं आणि किल्ली एकाच हातात असणं बरोबर नाही असं हिशेब तपासणी समितीचं मत पडलं. अभ्यासवृत्ती समितीने मात्र खरोखर चांगलं काम केलं. तिने तृप्ती नावाच्या एका हुशार मुलीला पेठकडच्या पाड्यांची नावं गोळा करायला पाठवलं, पोरगी डोंगर पायी तुडवून सगळी नावं घेऊन आली, तेव्हा लक्षात आलं की नावं स्वीकारणारी समितीच नाही. ती आता होते आहे. समित्या सभासदांपेक्षा जास्त झाल्या तेव्हा त्या कमी करण्यासाठी एक समिती नेमली. तिने पहिल्याच बैठकीत दोन उपसमित्या केल्या.

आता राजीनाम्यातली गोम सांगतो. आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेच्या नोटिशीत तळाला एक ओळ असते, तुमच्या विकास सोसायटीच्याही असेल. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही. ज्याने ही ओळ पहिल्यांदा लिहिली त्याने ती अडीनडीसाठी लिहिली असेल. आमच्या सभासदांनी ती वेळापत्रक म्हणून वाचली. चारची सभा असली की सगळे साडेचारला येतात, दुपारची झोप काढून, ताजेतवाने. चार ते साडेचार फक्त मी, कारण तहकूब करायलासुद्धा कोणीतरी हजर लागतं. मी खुर्चीत बसतो, तहकुबीला कोणाची हरकत आहे का म्हणून रिकाम्या सतरंजीला विचारतो, थोडा थांबतो आणि एकमताने असं लिहितो. (प्रतिभा यालाच वेड म्हणते.) आणि आमच्या घटनेत असं आहे की पदाधिकाऱ्याचा राजीनामा तहकूब सभेत मंजूर होत नाही. त्याला पहिली, भरलेली सभाच लागते, आणि भरलेली पहिली सभा परिषदेच्या इतिहासात कोणी पाहिलेली नाही.

मी काय काय केलं नाही? नोटिशीत चारऐवजी साडेतीनची वेळ टाकली, तर मंडळीही अर्धा तास अलीकडे सरकून चारला आली आणि कोरम होता तिथेच राहिला. मग मिसळ ठेवली. पहिल्या अर्ध्या तासात येईल त्यालाच मिळेल, असं नोटिशीतच छापलं. दादा, सभा भरली. मी राजीनामा वाचला आणि मंजुरीसाठी हात वर करायला सांगितलं, तेव्हा बघतो तर सगळ्यांचे उजवे हात रश्श्यात. मंडळींनी डावे हात वर केले. नांदगावचे आमचे ज्येष्ठ सभासद चिमाजी नाना तर्री पुसत उठले आणि म्हणाले, “डाव्या हाताचं मत लय अशुभ, मी नाय ते धरायचो.” त्यावर वाद झाला. वाद संपेपर्यंत पाव संपले, पाव संपल्यावर माणसं गेली आणि माणसं गेल्यावर कोरम गेला. निष्पन्न काय, तर डाव्या हाताच्या मतदानाचा अभ्यास करणारी समिती. तिचा पदसिद्ध निमंत्रक मीच.

शेवटी मी सहकार्यवाह कुंदनला बोलावलं. मुलगा कष्टाळू आहे, व्हॉट्सॲपचा ग्रुप तोच बघतो. त्याला नोटीस तोंडी सांगितली: ‘कार्यवाह श्री. झुंबर यांना अखेर निरोप देण्यासाठी रविवारी दुपारी चार वाजता त्यांच्या राहत्या घरी सभा.’ अखेर म्हणजे एकदाचा, असं मला म्हणायचं होतं. पण कुंदन शुद्धलेखन समितीवरही आहे. ‘अखेर निरोप’ त्याच्या कानाला खटकलं. त्याने ‘चा’ जोडला. ग्रुपवर नोटीस ‘अखेरचा निरोप’ म्हणून गेली आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, ती कुंदनला नमस्काराची वाटली. मला हे कळायला हवं होतं, पण माझ्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसत होतं आणि अशा प्रसंगी ते बरं दिसत नाही, म्हणून ग्रुपच्या दुसऱ्या ॲडमिन भाग्यश्रीताईंनी मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. कोणी घरी फोन करून विचारलं का, म्हणाल तर नाही. विचारपूस करणं हे काम कोणत्याच समितीकडे नाही.

रविवारी मी चहासाठी दूध आणायला गेलो. घराची एक किल्ली किल्ली उपसमितीकडे असतेच. परत आलो तो दाराशी चपलांचा ढीग. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. आत हॉल गच्च भरलेला, सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांची पाठ माझ्याकडे आणि तोंडं कपाटाकडे. अध्यक्ष पुंजाजी सर भाषण करत होते. मी दुधाची पिशवी घेऊन मागे उभा राहिलो आणि आधी डोकी मोजली. कोरम! दादा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर म्हणत होते की झुंबरराव मितभाषी होते, निःस्पृह होते, त्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत परिषदेची सेवा केली. मला वाटलं, निरोपाच्या भाषणात थोडी अतिशयोक्ती चालायचीच, आणि भूतकाळ कार्यवाहपदापुरता असेल. मग बागलाणच्या यशोदाबाई रडत बोलल्या. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले. पद सोडल्याबद्दल दोन मिनिटं उभं राहणं मला जरा जास्त वाटलं, पण मंडळी उभी आहेत म्हटल्यावर मीही मान खाली घालून उभा राहिलो. कपाटावर माझा लग्नातला फोटो हार घालून ठेवलेला मला त्यानंतर दिसला. (तुम्ही त्यात अर्धे आहात, हार तुमच्याही खांद्यावर आला आहे. वाईट वाटून घेऊ नका.)

तेवढ्यात यशोदाबाई डोळे पुसत मागे वळल्या आणि म्हणाल्या, “तू जित्ता शे का रे भाऊ?” मी म्हटलं, आहे. सगळ्यांना आनंद झाला, नाही असं नाही. चिमाजी नानांनी तर मिठी मारली, त्यात दुधाची पिशवी फुटली. पण पुंजाजी सरांनी हात वर करून शांतता केली आणि पेच समोर ठेवला. शोकप्रस्ताव पहिल्या सभेत, पूर्ण कोरममध्ये, एकमताने मंजूर झालेला आहे. मयत व्यक्ती हयात असणे हे ठराव रद्द करण्याचं कारण म्हणून घटनेत कुठेही नाही. तो मागे घ्यायचा तर तितक्याच कोरमची दुसरी सभा लागेल. मी म्हटलं, ते राहू द्या, तेवढा माझा राजीनामा मंजूर करा. ते म्हणाले, दिवंगत माणसाला राजीनामा देता येत नाही. मग मी राहिलेल्या दुधाचा चहा केला, सगळ्यांनी घेतला आणि चहा छान झाल्याचं कळवून मंडळी गेली. माझ्या निधनामुळे रिकाम्या झालेल्या जागी कुंदनची नेमणूक झाली. म्हणजे मी सुटलो, दादा, आणि तरी राजीनामा मंजूर नाही, आणि प्रतिभाच्या अटीत हे बसतं की नाही ते मला एकट्याला ठरवता येत नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि प्रतिभाला काय लिहावं ते सुचत नाही.

आपला,
झुंबर (हयात)

ता. क. – मुख्य काम लिहायचं राहिलंच. शोकप्रस्तावाच्या शेवटी ‘ठरावाची प्रत दिवंगतांच्या कुटुंबीयांकडे पाठवावी’ असं वाक्य आहे. आजवर आमच्याकडची एकही प्रत कुठे गेलेली नाही, पण कुंदन नवा आहे. त्याने कालच प्रतिभाच्या नावाने, तुमच्या पत्त्यावर, रजिस्टर पोस्टाने पाठवली. उद्या-परवा पोस्टमन येईल. काहीही करा पण ती तिच्या हाती पडू देऊ नका.

दुसरं ता. क. – रवी बाहेर चहा घेतोय तोवर विचार केला. अडवू नका. त्या प्रतीला यशोदाबाईंचं भाषण जोडलेलं आहे. त्यात त्या म्हणाल्या की झुंबरभाऊंनी परिषदेत एकही गोष्ट ‘प्रतिभाला विचारून सांगतो’ असं म्हटल्याशिवाय केली नाही. हे खरं आहे, आणि मी ते तिला कधी सांगितलेलं नाही. तिला वाचू द्या. मी जिवंत आहे तेवढं आधी सांगा.

तिसरं ता. क. – किंवा आधी सांगू नका. पाकीट फोडताना समोर बसा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघा. डोळ्यांत पाणी आलं तर लगेच सांगा, की दाजी धडधाकट आहेत आणि गुरुवारी दुपारच्या एसटीने देवळ्याला येतायत. नाही आलं, तरी मी त्याच एसटीने येतोय. फक्त ते मला कधी सांगू नका.