टीव्हीवाल्यांसाठी राखलेली खिडकी

ता. ६ जानेवारी

चि. चिमणीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आधी आला तो टकलू कॅमेरावाला, मागून माईकवाली पोरगी, आणि बूट न काढता दोघं थेट माझ्या खाटेपाशी! टीव्हीवाले गं! शेजारीण दारात उभी राहून नुसती जळत होती. मी तू पाठवलेली फुलाफुलांची चादर अंथरली, तर पोरीने गोड बोलून ती काढून ठेवली. तुझा फोटोही पालथा घातला. काच चमकते म्हणे. खिडकीची फुटकी काच मात्र फार आवडली त्यांना, तीनदा टिपली. स्टोव्ह पेटवायला लावला, धुराने डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा सगळे कसे चिडीचूप! मी भरपूर बोलले, जास्त तुझ्याबद्दलच. दहा तारखेला संध्याकाळी दाखवणार आहेत. मैत्रिणींनाही दाखव. लोभ आहेच, तो दुप्पट कर.

तुझी आजी

ता. १२ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

लाँड्रीत इस्त्र्या थांबवून आम्ही सगळ्या टीव्हीपुढे बसलो. तुझा एक शब्दही ऐकू आला नाही गं. नुसतं रडवं संगीत आणि तुझे डोळे. या म्हातारीला कोणीच नाही, असं ती पोरगी म्हणाली. सगळ्यांनी डोळे पुसले. असल्या बाईची नातवंडं कुठे उलथली असतील, असं आमच्या मुकादमबाई म्हणाल्या. मग जाहिरात लागली आणि कुणीतरी चॅनल बदललं. ही माझी आजी, एवढं सांगायला माझी मान वर झाली नाही.

त्या फुटक्या काचेतल्या वाऱ्यानेच तुझा जुना खोकला वाढत असणार. काचवाल्याला कळवलंय, मंगळवारी येईल. रागव, पण माया तोडू नकोस.

तुझी चिमणी

ता. ४ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

रडतेस कशाला, वेडे? किती माणसं हळहळली माझ्यासाठी! अनोळखी लोकांनी स्वेटर धाडलेत. एकाला बाहीच नाही, पण मायाच ना ती!

काचवाला आला होता, गुणी माणूस. मीच परत पाठवला. शेजारणीच्या फोनवर टीव्हीवाले बोलले, लोकांना ती खिडकी फार भावली, पुन्हा येतोय, तोवर काही बदलू नका. काच बसवली आणि ते आलेच नाहीत तर? या वेळी तुझा फोटो मी हातातच धरणार आहे. हिला चिमणी आहे, असं त्या पोरीकडून वदवून घेईन, मग ताठ मानेने सांग तुझ्या मुकादमबाईंना. चार दिवस खाटेवरून उठवत नाही, पण जीभ शाबूत आहे. आजीवरचा जीव असाच राहू दे.

तुझी आजी

ता. क. गुरुवारी येतो म्हणालेत. कोणत्या, ते विचारायचं राहिलं. दोन गुरुवार गेले. उद्या गुरुवारच आहे.