तिसरा आग्रह

९ जानेवारी

पोचलो एकदाचा! बिग टॅमरॅक नावाला तळं, पण पलीकडचा काठ काही दिसत नाही. नुसतं गोठलेलं पांढरं मैदान आणि त्यावर विखुरलेल्या रंगीबेरंगी लाकडी खोप्या. त्यातल्या बऱ्याचशा मार्डेल ओस्लंडबाईंच्या. हौशी मंडळी त्या भाड्याने घेतात आणि आत शेगडी पेटवून बर्फाच्या भोकात गळ सोडून बसतात. माझं काम म्हणजे गिरमिटाने भोकं पाडायची, झाऱ्याने त्यातला चुरा काढायचा, शेगड्या पेटवायच्या आणि गिऱ्हाइकांना स्नोमोबाइलवरून, म्हणजे बर्फावरच्या गाडीवरून, ने-आण करायची. कागद गिरणी बंद झाल्यापासून घरी बसून डोकं सडलं होतं माझं. इथली थंड हवा छातीत गेली आणि बरं वाटलं.

ही वही क्रिस्टाने दिली. म्हणाली, बाबा, फोनवर तुझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, निदान लिहून तरी ठेव. मार्चच्या मध्याला तिचे दिवस भरतात. पहिलटकरीण आहे पोर, आणि तिची आई आता नाही. तेव्हा मी तिथे हवाच. तोवर इथलं कामही संपतं. सगळं छान जुळून आलंय.

मार्डेलबाई पंच्याहत्तरीच्या, काटक, जिभेने तिखट. नवरा गेल्या हिवाळ्यात तळ्यातच गेला म्हणे. कसा, ते मी विचारलं नाही. जेवायला हॉटडिश होता, खिमा-बटाटा एकत्र भाजलेला. कॉफी घेतोस का म्हणाल्या, मी नको म्हटलं. पुन्हा विचारलं, मी म्हटलं उगाच कशाला त्रास. तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतली. रीत म्हणजे रीत. पहिल्यांदा हो म्हणणं हावरटपणाचं आणि तिसऱ्यांदा नाही म्हणणं उद्धटपणाचं, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. माझी पंचाईत एवढीच की तिसऱ्यांदा विचारलं की नकार माझ्या घशातच अडकतो. दारावरच्या विक्रेत्यांकडून घरात दोन व्हॅक्यूम क्लीनर उगाच नाही आले. क्रिस्टा म्हणते, बाबा, तिसऱ्यांदा विचारलं तर तू चोरालाही आत घेशील!

१७ जानेवारी

लीरॉय नावाचं एक कायमचं गिऱ्हाईक आहे. तोंडाची टकळी अखंड चालू. काल माझा एक क्रॅपी सुटला तर अख्ख्या तळ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे वेंडेल, मासा धरतोयस की गाय ओढतोयस?" चूक माझीच होती. क्रॅपीचे ओठ कागदासारखे, हिसका दिला की फाटतात. दुपारभर हा मासा तळाशी सुस्त पडून असतो आणि सूर्य कलला की झुंडीने वर येतो. तेव्हा हलक्या हाताने, जणू त्याला कळूच नये असं उचलायचं. आता जमायला लागलंय.

३० जानेवारी

गिऱ्हाइकं लवकर गेली म्हणून सर्वांत लांबच्या खोपीत जाऊन बसलो. तिथून पुढे तळं एकदम खोल होतं. उन्हं उतरत होती आणि मासे लागत होते, इतक्यात दार वाजलं. बाहेर एक उंच म्हातारा उभा. डोक्याला केशरी लोकरी टोपी, हातात बादली. म्हणाला, "इथे काय बसलायस? माझ्याकडे ये की! क्रॅपींचा नुसता खच पडलाय." मी म्हटलं, नको, इथे बरं चाललंय माझं. त्याने समाधानाने मान हलवली आणि निघून गेला. फार सभ्य माणूस वाटला.

तो गेल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. त्याच्या विजारीतून पाणी ठिबकत होतं. या थंडीत ओली विजार क्षणात लाकडासारखी व्हायला हवी. बादली हिंदकळली असेल.

१२ फेब्रुवारी

पाण्यातलं नीट दिसावं म्हणून लांबच्या खोपीतला दिवा मालवला आणि भोकात डोकावलो. खाली तळाशी पिवळा उजेड दिसला. चौकोनी, खिडकीसारखा. शेगडीचं प्रतिबिंब असेल म्हणून तीही विझवली. उजेड तसाच.

लीरॉयला सांगितलं. तो हसत म्हणाला, कुठली दारू आणलीस, मलाही दे थोडी.

२० फेब्रुवारी

तो पुन्हा आला होता. तीच वेळ, तीच टोपी. आज तरी ये की म्हणाला. मी म्हटलं, उगाच तुम्हाला त्रास. तो हसला आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. त्याने ते पुसलं नाही.

या वेळी मी त्याच्या पावलांमागे गेलो. ती एका जुन्या भोकापाशी संपली. भोक वीतभर रुंद. कडा ओल्या. पुढे पाऊल नाही.

मी घाबरलो आहे. 

२१ फेब्रुवारी

मार्डेलबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी टोपीचा रंग विचारला. केशरी म्हटल्यावर हातातला कप खाली ठेवला. ती टोपी त्यांनीच विणली होती. ऑरिनसाठी, नवऱ्यासाठी. मासे लागले की ऑरिन आसपासच्या सगळ्यांना बोलवत सुटायचा. गेल्या हिवाळ्यात खोलावरचा बर्फ फुटला आणि तो खोपीसकट खाली गेला. दिवा जळत होता. ना तो सापडला, ना खोपी.

कितीदा विचारलं त्याने, म्हणाल्या. मी म्हटलं दोनदा. उठून खिडकीचा पडदा ओढला. मला वाटलं घाबरल्या. पण त्या संतापल्या होत्या. "पन्नास वर्षं मी त्याची उष्टी काढली, आणि विचारतोय कुणाला? तुला?"

मग म्हणाल्या, लांबच्या खोपीकडे फिरकू नकोस.

३ मार्च

आता प्रत्येक भोकात उजेड दिसतो. कुठेही पाडा. आणि तो वर येतोय. काल खिडकीचा पडदा दिसला. मार्डेलबाईंच्या स्वयंपाकघरात आहे तसाच, निळ्या चौकड्यांचा.

लीरॉयने एकदा डोकावून पाहिलं. हसला नाही. सामान गाडीत टाकून गेला.

मीही जातो म्हटलं. मार्डेलबाई म्हणाल्या, खोप्या काठावर आणून जा. मी नाही म्हटलं. पुन्हा म्हणाल्या. पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा—

राहिलोय. गाढव आहे मी.

९ मार्च

संध्याकाळी बाई बर्फावर उभ्या. कोट नाही. लांबच्या खोपीकडे तोंड. ओढून आणलं. सारखं विचारतात, तो नेमकं काय म्हणाला, शब्द न् शब्द सांग. मी सांगतो. डोळे मिटून ऐकतात.

बर्फ खालून वाजतो. ठोकल्यासारखा.

१४ मार्च

मुलगी झाली! क्रिस्टाचा फोन आला होता. दोघी सुखरूप. आजीचं नाव ठेवलंय, इंग्रिड. कधी येतोस म्हणाली. उद्या, म्हटलं. उद्या नक्की.

सगळ्या खोप्या काठावर आल्या. लांबची तेवढी राहिली. ती राहू दे तिथेच. वितळू दे. बुडू दे.

मार्डेलबाई घरात नाहीत. कॉफीची किटलीही नाही.

१४ मार्च, लांबच्या खोपीत

यावंच लागलं. म्हातारीला टाकून कसा जाऊ. पावलं इथवर होती. आत कुणी नाही. शाल खुंटीवर टांगलेली. लाकडी जमीन ओली. भोक वीतभरच— त्यातून माणूस कसा—

पहिल्याच वेळी हो म्हणाली असणार.

वारा उठलाय. बाहेर सगळं पांढरं. स्वतःचा हात दिसत नाही, गाडी तर नाहीच. थांबायला हवं. अजून दिवस आहे.

भोकात पाहणार नाही.

पाहिलं. खिडकी अगदी वर आलीय. टेबल. ती बसलीय. तीन कप.

नाही म्हणायचं. इतकंच तर करायचंय. एक शब्द. उद्या इंग्रिडला मांडीवर घ्यायचंय मला. नाही. नाही. नाही. मोठ्याने म्हणतोय. जमतंय. नाही.

दार वाजलं.

किती नम्रपणे वाजवतो.

म्हणतोय, मार्डेलने कॉफी टाकलीय. तुझाही कप ठेवलाय. आता तरी ये की—

नाही म्हण वेंडेल— नाही— घशात— अडकला—

बरं, म्हणालो मी. पण थोडाच वेळ हं.

क्रिस्टा, मी लगेच ये—