पांढऱ्या रश्श्याची वाफ

कोल्हापूर,
१२ जानेवारी

चि. क्रांतीस,
आबाचा आशीर्वाद.

इकडं सगळं बरं हाय. थंडी झकास पडलीया. नातीचा खोकला थांबला का कळव. रोज फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, म्हणून.

गेल्या महिन्यात पांढरा रस्सा करायला घेतला. तुझी आई सगळं पाट्यावर वाटायची, आणि पाट्याला झाकण नसतंय. मिक्सरचं मला काय ठाऊक? गार पाण्यानं रस्सा फुटंल म्हणून खोबरं-काजूवर मटणाचं उकळतं अळणी पाणी ओतलं, भांडं काठोकाठ भरलं, झाकण गच्च दाबलं आणि बटण फिरवलं. झाकण उडून छताला लागलं.

आता हसू नकोस. सगळं स्वयंपाकघर वाफेनं पांढरं झालं. खिडकीतलं ऊन त्यात विरघळलं. वाटलं, मी अजून एसटीवरच हाय, पहाटेची रत्नागिरी गाडी घेऊन मलकापूरच्या पुढं धुक्यात शिरलोय, आणि तुझी आई मागच्या सीटवर झोपलीया. लई बरं वाटलं बघ. हलूच नये असं वाटलं. मग हात भाजल्याचं कळलं.

कोपरापर्यंत भाजला. आता भरून आलाय. इथं मला कायबी झालं तर घराला कुलूप लावून मला पुण्याला न्यायचं, असं तू ठरवलंयस. म्हणून बोललो न्हाय.

हात नळाखाली धरला तो शेजारच्या चिमणाकाकूंनी. त्यापण माझ्यासारख्याच एकट्या. बोलल्याबी लई. मग त्यांनीच शिकवलं. अळणी पाणी कोमट होऊ द्यायचं, भांडं अर्धंच भरायचं, झाकणाची मधली टोपी काढून वर फडका धरायचा, आणि मिक्सर हळू सुरू करायचा. आता दर रविवारी फडका त्या धरतात, बटण मी फिरवतो. वाफ फडक्यातनं अलगद वर येती, आम्ही बघत उभं राहतो. जेवायची आठवण उशिरा होती.

क्रांती, सरळच लिहितो. मला पुण्याला यायचं न्हाय. चिमणाबाईंशी लग्न करायचं म्हणतोय. तुझ्या आईची आठवण येती, येतच राहणार. त्या ऐकून घेतात. पण तू नको म्हणालीस तर त्या आपल्या घरात परत पाऊल टाकणार न्हाईत, असं त्यांनी मला बजावलंय.

पत्राखाली तुमचंबी नाव घाला म्हटलं, तर म्हणाल्या, "आधी पोरीला व्हय म्हणू दे."

त्यांची जागा मोकळी सोडलीया.

तुझा,
आबा आणि