घाणेरीचं तेल आणि माझा उघडा हात

७ मार्च
प्रयोगशाळेतून फोन! तिथली प्रमुखबाई आमच्याच हाताखाली शिकलेली पोर. म्हणाली, "बाई, सरांच्या डास पळवणाऱ्या तेलाची चाचणी पुन्हा घेतोय. आरोग्य खात्याला पटलं तर तापाची साथ यायच्या आत घरोघर वाटतील. आहे ना हो तुमच्याकडे?"

आहे. ह्यांच्या हातची शेवटची बाटली. पण अर्धीच.

अर्धी का, ते फक्त इथे लिहिते. हे गेल्यापासून रोज सकाळी एक थेंब दोन्ही मनगटांना चोळते. मग दिवसभर हे घरातच कुठेतरी आहेत असं वाटतं. वेडेपणा आहे, असू दे.

८ मार्च
जुने दिवस डोळ्यांपुढून हलत नाहीत. कुंपणाला माजलेली घाणेरी हे पोतं भरभरून आणायचे. शेजारीण नाक दाबून म्हणायची, "शी! हे कुणी घरात आणतं का!" ह्यांचं उत्तर ठरलेलं — "डासही हेच म्हणतात, वहिनी."

पाल्याफुलांचा अर्क काढून खोबरेलात मिसळायचे. वास टिकला पाहिजे, हा एकच ध्यास! मग चाचणी. पिंजऱ्यात प्रयोगशाळेतच वाढवलेले, रोगराई नसलेले डास. ह्यांचा हात तेलाचा, माझा उघडा. उघड्या हाताला डास चावले नाहीत तर चाचणीच बाद. माझ्यावर तर असे तुटून पडायचे की ह्यांनी माझं नाव 'मेजवानी' ठेवलं होतं. लोक लग्न झाल्यावर मेजवानी देतात, ह्यांनी बायकोच मेजवानीला दिली!

किती हसायचो आम्ही.

१२ मार्च
फजिती झाली. आता नियम असा की दोन्ही हात एकाच माणसाचे हवेत. माझ्या डाव्याला तेल लावलं, उजवा साबणानं धुतला. पण उजव्यावर एक डास बसेल तर शपथ! खात्याचे साहेब चुळबुळायला लागले — "तुमचे डास उपाशी तरी आहेत का?"

प्रमुखबाईनं स्वतःचा हात आत घातला आणि कळवळून बाहेर काढला. मग माझं उजवं मनगट नाकाशी नेलं. साहेब गेल्यावर हळूच म्हणाली, "रोज लावता, बाई?" मला रडूच फुटलं.

"पुढच्या वेळी मी देते दोन्ही हात," म्हणाली. मी नाही म्हटलं. ह्यांच्या तेलापुढे उघडा हात कायम माझाच होता. तो आता दुसऱ्या कुणाचा का?

"मग तोवर थेंबही लावायचा नाही. आणि उरलेलं सगळं तेल लागेल, बाई. नवं काढता येईल आपल्याला."

नवं येईल. ह्यांच्या हातचं नाही. बाटली तिच्याकडे देऊन आले.

१३ मार्च
सवयीनं कपाट उघडलं. दोनदा.

१५ मार्च
मनगट हुंगलं. वास किंचित आहे अजून! इतका टिकलेला पाहून हे नाचले असते. आणि मी मात्र साबण घेऊन घासत बसलेय. जा बाबा एकदाचा, म्हणते, आणि परत हुंगते.

१९ मार्च
उजवा हात सुजून लाल झालाय, लिहवत नाही. डाव्यावर एकही बसला नाही. साहेब सही करून गेले. ह्यांचं तेल पास!

बाटली रिकामी झाली.

डावा हात अजून धुतलेला नाही.