'काढ' म्हणजे नेमकं किती काढायचं?

मांजरी बुद्रुक, पुणे
सोमवार, १४ जुलै २०२५

चि. श्याम यास,
गोदाताईचा आशीर्वाद. वि. वि.

तर तुझ्या सल्ल्याचं फळ असं, की आपली पिकअप उरुळीच्या रानात पोटापर्यंत रुतली आणि ट्रॅक्टर लावून ओढून काढावी लागली. उसाच्या रोपांचे ट्रे मी, तुझ्या दाजींनी आणि आमच्या नम्रताने चिखलातून डोक्यावर वाहिले. शेतकरी बांधावर उभा राहून विचारतो, की तुमची चारही चाकांनी ओढणारी फोर व्हील गाडी थेट सरीपर्यंत येते म्हणून तर तुमच्या नर्सरीची रोपं घेतो, मग आज काय झालं? मी काय सांगणार? माझा भाऊ कराडला वर्कशॉपात फोरमन आहे, हे सांगू?

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझत नव्हता म्हणून मी तुला फोन केला होता. ब्रेक चांगला लागत होता, नुसता दिवा. तुझ्याकडे कसलं तरी मशीन किंचाळत होतं, माझ्याकडे पाण्याची मोटार. तू म्हणालास, एबीएस काढ आणि बघ. मी हडपसरच्या फिटरला जाऊन तसंच सांगितलं, की एबीएस काढा, माझ्या भावाने सांगितलंय. त्याने दिवसभर खपून काढलं. एबीएसची पेटी काढली, ब्रेकच्या नळ्या एकमेकींना जोडल्या, चाकांजवळच्या वायरी छाटल्या, वर दिव्याचा बल्बही काढला. दिवा गेला आणि त्याच्याबरोबर फोर व्हील पण गेलं. बटण फिरवलं की हिरवी खूण थोडा वेळ लुकलुकते आणि विझते. पुढची चाकं ढिम्म.

फिटर म्हणतो, ब्रेकचा आणि फोर व्हीलचा काही संबंध नाही. दाजींनाही ते पटलं. मी म्हटलं, एक काढल्यावरच दुसरं बंद पडलं, तर संबंध नाही कसा? तर दोघंही हसले. हसू देत. आता तो म्हणतो, डायरेक्ट वायर देतो, फोर व्हील कायमचं लागून राहील. दाजी खूश आहेत. मी नाही.

३० तारखेला नीरेची रोपं जायची आहेत, दिवे घाटातून. आपली नम्रता नेणार. दोन वर्षं झाली, गाडी तीच चालवते आणि दाजींपेक्षा बरी चालवते. तेव्हा नीट काय ते लिहून कळव. फोन नको, तुझ्या मशीनपुढे माझं काही चालत नाही.

सुरुचीला आणि मुलांना आशीर्वाद. तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे, राग तेवढा वाढला आहे.

तुझी,
गोदाताई


कराड
शुक्रवार, १८ जुलै २०२५

ती. ताईस,
श्यामचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग घाम फुटला. ताई, मी फ्यूज काढ म्हणालो होतो. एबीएसचा फ्यूज काढ, बघ, परत लाव. एवढंच. तू नम्रताला गाडी काढ म्हणतेस तेव्हा ती गाडी अंगणात आणते, भंगारात नाही देत.

पण संबंध आहे हे तू बरोबर ओळखलंस. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरतंय ते तो सांगतो. ती बातमी ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसला लागते, आणि तुमच्या गाडीत फोर व्हील जोडणाऱ्या कॉम्प्युटरलाही तीच लागते. बातमी आली नाही, की तो घाबरून पुढची चाकं जोडतच नाही. जुन्या गाड्यांना फोर व्हीलचा दांडा असायचा. तिथे एबीएस काढलं तरी काही बिघडलं नसतं. तुमची बटणाची आहे.

डायरेक्ट वायर मुळीच देऊ देऊ नकोस. फोर व्हील लागलं की पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. चिखलात ते बरं, कारण तिथे चाक थोडं घसरून जागा करून घेतं. डांबरावर वळताना गाडी अडते, कुठलं तरी दातचाक तुटतं. आणि ओल्या घाटात जोरात ब्रेक मारला, तर एकाबरोबर सगळीच चाकं धरतील, जाम होतील. मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही.

वायर नसली तरी धोका आहेच. ब्रेकचा जोर पुढे किती, मागे किती, हेही तीच पेटी ठरवत होती. रिकाम्या गाडीची मागची चाकं आता आधी धरतील आणि गाडी आडवी होईल. एबीएस काढल्यावर नम्रता घाट उतरली आहे का, ते तिला विचार. मला विचारवत नाही.

पेटी फिटरने भंगारात फुंकली असणारच. ब्रेक नीट होईपर्यंत नम्रताला गाडीवर बसवू नका, एखादा ड्रायव्हर बघा. मला लगेच रजा नाही. गणपतीत येऊन बघतो.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी लोणच्याची बरणी पाठवायची थांबू नकोस.

तुझा,
श्याम


मांजरी बुद्रुक, पुणे
मंगळवार, २२ जुलै २०२५

चि. श्याम यास,
आशीर्वाद आहेच. वि. वि.

काढ म्हणजे काढ. दात काढा म्हटल्यावर डॉक्टर तो जरा बाहेर काढून, बघून परत बसवतो का? फ्यूज म्हणायचं होतं तर फ्यूज म्हणायचं. तो शब्द माझ्या कानापर्यंत आलाच नाही, तेव्हा ती चूक मी माझ्या नावावर लिहून घेणार नाही. अर्धी घेते, हवी तर.

पत्र आलं तेव्हा फिटर वायर घेऊन दारातच होता. दाजी त्याला चहा देत होते. मी गाडीची किल्ली कंबरेला खोचली आणि तुझं पत्र दाजींपुढे धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. फिटर म्हणाला, कराडवाल्यांना काय कळतं. मी त्याला चहा संपवायला लावला आणि त्याच्याच गाडीवर मागे बसून हडपसरला गेले. पेटी त्याने भंगारवाल्या मन्सूरभाईंना दिली होती. त्यांनी ती फोडली नव्हती, नळ्यांची तोंडंही फडक्याने बांधून ठेवली होती. फिटरकडे बघून म्हणाले, चालू माल भंगारात टाकणारं गिऱ्हाईक मला परवडतं, पण त्याच्या गाडीपुढे मी रस्ता ओलांडत नाही. वायरी मात्र गेल्या. गाडीखाली वाकून पाहिलं, चारही चाकांजवळ बोटभर तुकडे लोंबतायत.

मग नम्रताला विचारलं. आधी म्हणाली, काही नाही. मी तिथेच बसून राहिले. मग बोलली. उरुळीच्या आधी ती नीरेला एक खेप टाकून आली होती. रिकामी गाडी घेऊन दिवे घाट उतरताना पुढे टँकर थांबला, हिने ब्रेक मारला, आणि मागचं अंग फिरून गाडी रस्त्यात आडवी झाली. कठडा हातभर राहिला होता. आम्ही घाबरू म्हणून सांगितलं नाही म्हणे. श्याम, त्या संध्याकाळी हसत घरात येऊन तिने मला भाकऱ्या थापून दिल्या होत्या.

दाजींनी हे ऐकलं आणि जाहीर केलं, की उद्यापासून पोरीने गाडीला हात लावायचा नाही. तूही तेच लिहिलंस, ड्रायव्हर बघा. दोघांना एकच सांगते. दुरुस्त ब्रेक करायचा आहे, पोर नाही. आडवी झालेली गाडी तिने सावरून घरी आणली. आज ती किल्ली तिच्या हातातून गेली तर परत यायची नाही, मला हे घर माहीत आहे. भाड्याचा टेम्पो रानात शिरत नाही आणि शिरला तरी तो टेम्पो नम्रताचा नाही. ३० तारखेला तीच घाट चढणार, तीच उतरणार, आणि शेजारच्या सीटवर मी बसणार.

तेव्हा गणपती वगैरे राहू दे. चार सेन्सर, त्यांच्या वायरी आणि तुझं हत्यार घेऊन ये. पेटी स्वैपाकघरात फळीवर ठेवली आहे, कुणाला हात लावू देत नाही. तुझी भाची आहे ती. जीव लावतोस ना, मग तो इथे येऊन लाव.

सोमवारी २८ तारखेला दुपारपर्यंत मला उत्तर हवं. तू येतोस, की पेटी मांडीवर घेऊन मी एसटीने येऊन तुझ्या वर्कशॉपच्या दारात बसू? दोन्हीपैकी एक लिही, तिसरं काही लिहू नकोस.

तुझी,
गोदाताई