एक पाय पांढरा

सांगली, १३ फेब्रुवारी ४४
कॅनव्हासवरचा घोडा तिसऱ्यांदा खरवडला. ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, "हा घोडा नव्हे, सोंड कापलेला हत्ती." समोर त्यांचं विलायती छापील चित्र. तीनशे वर्षांपूर्वीचा चिलखतातला राजा, बदामी घोड्यावर. हुबेहूब नक्कल करायची, स्वतःची अक्कल घालायची नाही.
आबांनी पाडव्यापर्यंत मुदत दिलीय. चित्र पसंत पडलं तर मुंबईच्या चित्रशाळेच्या अर्जावर सही, नाहीतर पलटणीत भरती. आबा स्वतः पेन्शनीतले रिसालदार. माझा निकाल घोड्यावर लागणार, आणि तो तपासणार घोड्यावर जन्म काढलेला माणूस!

२ मार्च
घोड्याचा पुढचा डावा पाय तेवढा पांढरा. त्याला पाच दिवस गेले. खाली निळसर, ते वाळल्यावर वर पिवळट, मग पांढरा. लढाईमुळे पांढऱ्या रंगाची ट्यूब मिळत नाही. मास्तरांनी त्यांची शेवटची दिली. पाय असा उजळला की दिवसभर त्याच्याकडेच बघत बसलो.

१२ मार्च
आबा हळद घेऊन बाजारला आले ते वाट वाकडी करून इथं मास्तरांकडे. हात मागे बांधून चित्रापुढे उभे. "लगाम बरा धरलाय गड्यानं." मी फुललो. मग, "पर ह्यो अर्जल हाय रं."
मास्तरांना कळेना. आबांनी समजावलं, एकच पाय पांढरा तो अर्जल, असला घोडा धन्याला खातो. "रिसाल्यात आमी घेत नव्हतो. घरात कसा लावू?"
मूळ चित्रातच तसा आहे, म्हटलं.
"मग त्या राजाचं काय झालं, इचार मास्तरला."
आबा गेल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "त्याचं मुंडकं उडवलं रे, त्याच्याच लोकांनी."

१३ मार्च
मास्तरांची तंबी: "एक केस बदललास तर माझ्याकडे यायचं नाही." आबा जाताना बजावून गेलेत, पाय रंगवल्याशिवाय चित्र घरी आणू नको. दोघांना माझ्याच चित्रावर हुकूम सोडायचाय. कोंडल्यासारखं झालंय.

१८ मार्च
मास्तर मिरजेला गेले होते. पाय बदामी करून टाकला. पाच दिवसांचं काम दहा मिनिटांत गेलं. लाज वाटली, अजून वाटते.

१९ मार्च
मास्तर ओरडले नाहीत. "तीन पाय तुझे, चौथा तुझ्या वडिलांचा." छापील चित्र गुंडाळून कपाटात ठेवलं. उद्या येऊ का, विचारायचं धाडस झालं नाही.

कोरेगाव, २५ मार्च, पाडवा
चित्र सोप्यात लागलं. आबांचे जुने सोबती जमले, सगळे घोडदळातले. खूर, मान, पाठ सगळं तपासलं. पास! आबांच्या डोळ्यांत पाणी. तेवढ्यात अर्ज पुढे केला.
"एवढं झ्याक येतंय की तुला! मग आनि मुंबईला काय शिकायचं?"
भरती? "कशाची भरती रं? हितंच ऱ्हा, घोडी काढ." दोघा सोबत्यांनी आपापलं चित्र सांगूनही टाकलं. घोडा हाच, वर ते.
चित्र बिघडलं असतं तर निदान गाव तरी सुटलं असतं. आई पुरणपोळी वाढत होती, मला तिच्यावरच राग आला.

८ एप्रिल
मास्तरांना पत्र टाकलं होतं. उत्तर नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार
आबांना स्वतःचं चित्र हवंय. आज अंगणात जुना युनिफॉर्म चढवून खुर्चीवर बसले, तीन तास, ताठ. पहिल्यांदाच समोर छापील काही नाही, जिवंत माणूस. कपाळ बरं उतरलं. गालाचं हाड तर कुणाची नक्कल न करता आलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्या भरात विचारलं, "आबा, अर्जावर सही..."
"बोलाय लावू नगंस, तोंड हालतंय."
ओठच काढायचे राहिलेत. अर्ज सोमवारी मुंबईत पोचायला हवा.